लोण्यासारख्या लँडिंगला टाळ्या कशाला वाजवता?

मागच्या पावसाळ्यात मुंबईला उतरताना आमचं विमान असं धाडकन टेकलं की शेजारच्या काकांचा चष्माच खाली पडला, म्हणाले "शिकाऊ दिसतोय पायलट". मीपण हसलो. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की ओल्या रनवेवर असंच जरा ठोकून उतरायचं असतं, म्हणजे चाक पाण्याच्या थरावर न घसरता पटकन फिरायला लागतं आणि ब्रेक लागतात. अलगद टेकवायच्या नादात विमान तरंगत पुढे पुढे जातं, आणि मागे राहिलेला रनवे काय कामाचा?

हे सगळं डेटात दिसतं. ब्लॅक बॉक्स (असतो केशरी, पण असो) उघडतात ते काहीतरी झाल्यावर. पण विमानात क्विक ॲक्सेस रेकॉर्डर म्हणून अजून एक डबा असतो, त्यात वेग, उंची, फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्या), इंजिनं, टेकताना बसलेला दणका, अशा शेकडो गोष्टी सतत नोंदल्या जातात. तो डेटा कार्डवरून नाहीतर वायरलेसने एअरलाईनच्या ऑफिसात जातो आणि सॉफ्टवेअर ज्या फ्लाईटमध्ये काही मर्यादेबाहेर गेलंय ती बाजूला काढतं. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने आपल्याकडे हे करावंच लागतं. गंमत म्हणजे ही सगळी सुखरूप उतरलेली विमानं, प्रवासी बॅग घेऊन घरी पण पोचलेले असतात.

यात सगळ्यात जास्त लक्ष असतं अनस्टेबल अप्रोचवर, म्हणजे उतरायला रनवेकडे येतानाच विमानाचं गणित बिघडलेलं असण्यावर. ढगांत असाल तर साधारण 1000 फुटांवर येईपर्यंत वेग, खाली यायचा दर, चाकं, फ्लॅप सगळं जागेवर पाहिजे, नसेल तर परत वर जायचं, त्याला गो-अराउंड म्हणतात. फ्लाईट सेफ्टी फाउंडेशन या विमान सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने आकडे काढले तर अशा बिघडलेल्या अप्रोचपैकी जेमतेम 3 टक्के वेळा पायलट परत वर गेले होते! बाकीचे "होईल मॅनेज" म्हणून उतरले, आणि बहुतेक वेळा होतं पण मॅनेज, तीच तर भानगड आहे.

22 मे 2010 ला मंगळूरला नाही झालं. को-पायलट गो-अराउंड करा म्हणून सांगत होता, विमान 2450 मीटरच्या रनवेवर जवळजवळ दोन-तृतीयांश अंतर गेल्यावर टेकलं आणि टेबलटॉपवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या रनवेवरून, खाली दरीत गेलं. 158 माणसं गेली.

माझ्या मते मशीनपेक्षा अवघड काम पुढचं आहे. डेटा बघून पायलटला झापायला लागलात तर तो विमान नाही, ग्राफ उडवायला लागेल. म्हणून जिथे हे नीट चालतं तिथे नाव सगळ्यांपुढे येत नाही, विश्वासातला एखादा पायलटच फोन करून विचारतो, काय झालं रे त्या दिवशी?

याच डेटातून इंधन पण वाचतं. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना, एकच इंजिन चालवणं, पायऱ्या-पायऱ्यांनी न उतरता सलग घसरत येणं, हे किती वेळा जमलं ते लगेच दिसतं. मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे इंजिनाची आंघोळ. धूळ, खारी हवा खाऊन आतली पाती मळतात, मग तेवढाच जोर द्यायला इंजिन जास्त तापतं. एका फ्लाईटमध्ये हे कळत पण नाही, महिनाभराच्या ग्राफवर रेघ हळूच वर चढताना दिसते. मग रात्री विमान उभं असताना इंजिनात पाणी मारून धुतात, आणि सकाळच्या फ्लाईटला रेघ खाली.