घशाच्या खालच्या भागाचा कॅन्सर: ऑपरेशन इथवर कसं आलं

आपल्या गोव्यात कुणाच्या घरी घशात खाली, स्वरयंत्राच्या मागे गाठ निघाली की पहिले दोन प्रश्न ठरलेले, बांबोळीला गोमेकॉतच (गोवा मेडिकल कॉलेजात) करायचं की मुंबईला टाटाला न्यायचं, आणि आवाज जाणार का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज जे मिळतं त्याच्यामागे दीडशे वर्षं आहेत, ते थोडं सांगतो.

१८७३ साली व्हिएन्नात बिलरोथनी कॅन्सरसाठी पहिल्यांदा अख्खं स्वरयंत्र काढलं, पेशंट काही महिनेच जगला, कॅन्सर परत आला. पण खालच्या घशाचं दुखणं वेगळंच, इथं स्वरयंत्रासोबत गिळायची वाटही कापावी लागते आणि खरी अडचण कापण्यात नव्हतीच, कापल्यावर माणूस जेवणार कसा ही होती. १९४२ मध्ये टोरांटोच्या वूकीनी मानेच्या कातडीचीच नळी करायची पद्धत मांडली, पण ती टप्प्याटप्प्यानं व्हायची, तोवर पेशंटचे हाल. मग १९५९ ला सायडेनबर्गनी लहान आतड्याचा तुकडा गळ्यात बसवून त्याच्या रक्तवाहिन्या जोडल्या, १९६० ला हाँगकाँगच्या ओंग आणि लींनी तर जठरच वर ओढून घशाला जोडलं! १९७९ मध्ये आरियननी छातीच्या स्नायूचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट वळवून आणलेला तुकडा, आणला, तो भारतात आजही भरपूर वापरतात. माझ्या मते पेशंटच्या दृष्टीनं मोठा बदल हाच, त्याच ऑपरेशनमध्ये वाट परत तयार होऊ लागली.

आवाजाचं वळण १९९६ ला आलं. युरोपातल्या एका ट्रायलमध्ये सुमारे २०० पेशंटपैकी निम्म्यांना आधी केमो दिली, त्यातल्या ज्यांची गाठ पूर्ण विरघळली त्यांना रेडिएशन, नाही विरघळली त्यांचं ऑपरेशन, उरलेल्या निम्म्यांचं थेट ऑपरेशन, आणि केमोवाल्यांचा जगण्यात तोटा दिसला नाही. पाच वर्षांनी केमोच्या गटात कामाचं स्वरयंत्र शिल्लक राहायचा अंदाज ३५ टक्के होता, म्हणजे सगळ्यांचं वाचत नाही हे पण लक्षात ठेवा.

आता छोटी गाठ तोंडातून लेझरनं किंवा रोबोटनं काढता येते, मधल्या आकाराला कधी अर्धंच स्वरयंत्र काढतात, पण गाठ कूर्चा फोडून बाहेर आली असेल तर बहुतेक वेळा पूर्णच काढावं लागतं. मानेतल्या लसिका गाठींकडे (लिम्फ नोड्सकडे) हा कॅन्सर लवकर जातो म्हणून त्याही सहसा सोबतच काढतात. आवाज गेलाच तर १९८० ला सिंगर आणि ब्लॉमनी आणलेला, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधे बसवायचा छोटा व्हॉल्व्ह आहे, त्यानं बरेच जण परत बोलतात, फक्त तो अधूनमधून बदलावा लागतो, तेव्हा ऑपरेशन मुंबईला होणार असेल तर व्हॉल्व्ह इथं गोव्यात कोण बदलून देईल ते तारीख घ्यायच्या आधीच विचारून ठेवा.