घाटात किती इंजिन लागतं?

१९८९ साली अमेरिकेत डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आलं. १६० हॉर्सपॉवर, सुमारे ५४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. आज फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये मिळणारं ६.७ लिटरचं इंजिन ५०० हॉर्सपॉवर आणि १,६०० न्यूटन-मीटरच्या वर जातं. लिटर जेमतेम वाढले, आकडे तिप्पट झाले.

त्याच ५.९ लिटरच्या कुळातलं इंजिन आपल्याकडे टाटाच्या १६१३ ट्रकमध्ये बसायचं. एकूण वजन १६ टन, ताकद १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. भरलेला असा ट्रक कसारा घाट चढून नाशिकला पोचतोच की! मग साडेतीन टनांचं पिकअप आणि साडेसहा टनांचा ट्रेलर, म्हणजे जेमतेम १० टनांसाठी, अमेरिकन माणसाला ४०० हॉर्सपॉवर कशाला हवी?

कारण त्याला घाटातही रांगायचं नसतं. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर आपला ट्रक ताशी २५-२८ किलोमीटरने चढतो. त्याच चढावर १० टन ताशी ६५ ने न्यायचे, तर निव्वळ वजन उचलायलाच सुमारे १०५ किलोवॅट, म्हणजे १४० हॉर्सपॉवर लागते. टायरचा विरोध, हवेचा विरोध आणि गिअरबॉक्समधला ऱ्हास धरला की इंजिनाकडून सुमारे २२० हॉर्सपॉवर हवी. वेग १०० वर न्या, मागणी ४०० वर जाते. उंच, चौकोनी ट्रेलरला हवा फार आडवते आणि तिच्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. तेव्हा ‘किती टन ओढणार?’ हा प्रश्न अर्धाच आहे. किती टन, किती चढावर आणि किती वेगाने, असं विचारायला हवं.

जाहिरातीत मात्र टॉर्कचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. टॉर्क गिअर टाकून वाढवता येतो, पॉवर नाही. डिझेलच्या टॉर्कचा फायदा वेगळाच आहे: तो मिनिटाला १,६०० ते १,८०० फेऱ्यांवरच मिळतो, त्यामुळे चढावर इंजिन किंचाळत नाही आणि सारखा गिअर बदलावा लागत नाही. शिवाय इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोमुळे उंचावरच्या विरळ हवेतही दम फारसा कमी होत नाही. अमेरिकेतल्या कोलोराडोत हमरस्ता ३,४०० मीटरपर्यंत चढतो, तिथे हे महत्त्वाचं.

आता गंमत पाहा. शेवरोले सिल्व्हराडो १५०० मधलं तीन लिटरचं डिझेल ३०५ हॉर्सपॉवरचं आहे. वरच्या हिशेबाने ते १० टन ताशी ६५ ने चढवू शकेल. तरी त्या गाडीला ट्रेलरची कमाल मर्यादा सुमारे ६ टनच, कारण प्रश्न नुसत्या जोराचा नाही.

एक कारण उष्णता. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळ १८ किलोमीटरचा एक चढ आहे. अमेरिकेतली ट्रेलर ओढण्याची प्रमाणित चाचणी, एसएई जे२८०७, याच चढावर बेतलेली आहे. तापमान किमान ३८ अंश, एसी पूर्ण चालू, आणि मागे एकेरी चाकं असलेल्या पिकअपने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. म्हणजे सतरा मिनिटं पाय ॲक्सिलरेटरवर. इतका वेळ १६५ किलोवॅट, म्हणजे वरची २२० हॉर्सपॉवर देणारं इंजिन शंभरेक किलोवॅट उष्णता नुसती रेडिएटरच्या पाण्यात सोडतं. पन्नास गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं! मोठ्या पिकअपचं नाक उगाच भिंतीएवढं नसतं.

दुसरं कारण मागच्या चाकांवरचं ओझं. पिकअपच्या हौद्यात जोडायच्या मोठ्या ट्रेलरचं १५ ते २५ टक्के वजन पिकअपच्या पाठीवर येतं. साडेसहा टनांचा ट्रेलर असेल तर एक ते दीड टन. आणि इथे मोठं इंजिन चक्क आड येतं. कमिन्सचं ६.७ लिटरचं इंजिन एकटंच अर्ध्या टनाचं आहे. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ठरलेली, मग इंजिनाने खाल्लेले किलो माणसं आणि सामानातून कापले जातात. म्हणून रॅम २५०० हे पिकअप डिझेलपेक्षा पेट्रोल इंजिनात घेतलं, तर पाठीवर जास्त वाहतं. विकत घेणाऱ्याने माहितीपत्रक बाजूला ठेवून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचावं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्या नेमक्या गाडीसाठी तिथे छापलेलं असतं.

उतारावर मोठ्या इंजिनाचं पारडं पुन्हा जड होतं. डिझेलला हवा रोखणारी झडप नसते, त्यामुळे पाय काढला तरी इंजिन फारसं अडवत नाही. मग टर्बोची पाती मिटवून धुराची वाट अडवतात, तो एक्झॉस्ट ब्रेक. जितके लिटर जास्त, तितकं हे अडवणं जोरदार.

तीन टनांची बोट असेल तर तीन लिटर पुरे. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी ८० ला १७० हॉर्सपॉवरच्या आसपास लागते. सहा-सात टनांचं फिरतं घर दर महिन्याला डोंगरात न्यायचं असेल तर साडेसहा लिटरच्या पुढचं इंजिन आणि त्याला साजेशी चेसिस घ्यावी. आणि वर्षातून दोनदाच ट्रेलर लावून एरवी भाजी आणायला जाणार असाल, तर माझ्या मते डिझेल नकोच. काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ व्हायला सुमारे ६०० अंशांची उष्णता आणि सलग धाव लागते. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो आणि त्याचं बिल चांगलंच घसघशीत येतं.