कायद्याची माहिती देणारं अ‍ॅप म्हणजे विधी सहाय्य नव्हे

कोल्हापुरात एखाद्या कॉलेजात हॅकेथॉन, म्हणजे ठरलेल्या तासांत अ‍ॅप बांधायची स्पर्धा, भरली आणि विषयांच्या यादीत "तरुणांना कायद्याची मदत" असेल, तर बहुतेक टीम एकच गोष्ट बांधतात: प्रश्न टाइप करा, कलम मिळवा. शेवटच्या स्लाइडवर त्याला "मोफत विधी सहाय्य" म्हटलेलं असतं आणि परीक्षकही मान डोलावतात. मी वकील आहे, अशा स्पर्धांना मार्गदर्शक म्हणून जाते. मुलांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण कायद्याची माहिती आणि विधी सहाय्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की भोगतो तो मदत मागायला आलेला पोरगा किंवा पोरगी.

अ‍ॅप बांधणाऱ्यांनो, माहितीबद्दल फार सांगत नाही, ती तुम्हाला येते. कायदा काय म्हणतो, कलम कुठलं, शिक्षा किती. ती सगळ्यांना सारखीच लागू असते, म्हणून ती यंत्राकडून देता येते. फक्त ती शिळी होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, फसवणुकीसाठी आता 420 नव्हे, 318 बघायचं. तरी जुनी कलमं दाखवणारे चॅटबॉट मी अजून बघते. 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्यासह सहा जिल्ह्यांचं उच्च न्यायालयाचं कामकाज कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतं, आणि एका टीमचं अ‍ॅप लोकांना मुंबईला पाठवत होतं. स्पर्धा संपल्यावर हे दुरुस्त करणार कोण, हे बांधण्याआधी ठरवा.

बाकी ज्या फरकांवर टीम तासभर वाद घालतात ते किरकोळ आहेत. मराठी की इंग्रजी, व्हॉट्सअ‍ॅप की वेबसाइट, बोलून विचारायचं की लिहून. फुकट असणं हाही फरक नाही, दोन्ही फुकट असू शकतात. माझ्या मते मराठी आणि आवाज दोन्ही हवेतच, पण त्यानं माहितीचं सहाय्य होत नाही.

खरा फरक असा: विधी सहाय्यात कोणीतरी तुमच्या नावानिशी तुमच्या प्रकरणाची जबाबदारी घेतं.

समजा, शाहूवाडी तालुक्यातली एक मुलगी आहे. सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, आता ती एकोणीस वर्षं दहा महिन्यांची आहे. ती अ‍ॅपवर विचारते, "माझं लग्न रद्द होऊ शकतं का?" उत्तर येतं: बालविवाह प्रतिबंध कायदा 2006, मुलीचं किमान वय 18, मुलाचं 21, असा विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. यात एकही चूक नाही. मुलीला धीर येतो, ती म्हणते, दिवाळी झाली की बघू. पण त्याच कायद्याचं कलम 3 सांगतं की हा अर्ज सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण होण्याआधी करावा लागतो. म्हणजे तिच्या विसाव्या वाढदिवसाच्या आत. तिच्या हातात दोन महिने उरलेत आणि बरोबर उत्तर वाचून ती निर्धास्त झाली आहे.

टीमचं म्हणणं असतं, "मॅडम, मुदतीची ओळ घालतो की." घाला. पण प्रश्न त्या एका ओळीचा नाही. तिच्यासमोर वकील असती तर तिनं पहिल्यांदा जन्मतारीख विचारली असती. शाळा सोडल्याचा दाखला कुणाकडे आहे, सासरी की माहेरी? मूल आहे का? आज रात्री राहायला सुरक्षित जागा आहे का? कलम 4 खाली पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते, कलम 5 मध्ये मुलाच्या ताब्याचा विचार होतो. मुलीनं यातलं काही विचारलंच नव्हतं, कारण काय विचारायचं हेच तिला माहीत नव्हतं. माहिती तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. सहाय्य देणाऱ्याला न विचारलेले प्रश्नही शोधावे लागतात, अर्ज लिहावा लागतो, तारखेला उभं राहावं लागतं, आणि चुकलं तर जाब द्यावा लागतो.

हे सहाय्य उपकार म्हणून मिळत नाही. राज्यघटनेचं अनुच्छेद 39-अ आणि 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा त्यामागे आहे. कलम 12 नुसार अठराच्या आतलं कोणतंही मूल आणि कोणत्याही वयाची स्त्री, घरचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग, कोठडीतले यांनाही हा हक्क आहे. शिवाय औद्योगिक कामगारांनाही, म्हणजे शिरोलीच्या फाउंड्रीत पगार थकलेल्या बावीस वर्षांच्या पोरालाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला विधी सेवा समिती असते. अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. अस्तित्वात असलेल्या हक्काचा रस्ता दाखवायचा सोडून ते त्याची नक्कल बांधतात.

गुप्ततेचंही तसंच. अशिलानं वकिलाला सांगितलेलं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 खाली संरक्षित असतं. तुमच्या सर्व्हरवर साठलेल्या गप्पांना ते संरक्षण नाही. अठराच्या आतल्या एखाद्या मुलीनं चॅटमध्ये लैंगिक अत्याचाराबद्दल लिहिलं आणि ते टीममधल्या कुणी वाचलं, तर पॉक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे, आणि कित्येकदा तक्रारच घरच्यांविरुद्ध असते. म्हणून माझा आग्रह आहे: नाव, गाव, फोन नंबर मागूच नका. जिथे गरज आहे तिथे माणसाकडे सोपवा.

मधली जागा मात्र आहे, आणि तिथे प्रामाणिक गोंधळ होतो: अर्ज भरून देणारं अ‍ॅप. मुलानं निवडलेल्या अर्जात त्यानंच दिलेली माहिती नीट बसवणं, याला माझी हरकत नाही. पण तक्रार पोलिसांत करायची, कामगार कार्यालयात की ग्राहक आयोगात, हे अ‍ॅपच त्याच्यासाठी ठरवू लागलं की तो सल्ला झाला. वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नाही, सल्ला देणं आणि मसुदा करणं हीसुद्धा वकिलीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये बार कौन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी या निकालात सांगितलं आहे. अमेरिकेत डू-नॉट-पे नावाच्या कंपनीनं स्वतःला जगातला पहिला रोबो वकील म्हणवून घेतलं होतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं सप्टेंबर 2024 मध्ये तिच्यावर कारवाई केली, कारण उत्तरं वकिलाच्या तोडीची आहेत का हे तिनं कधी तपासलंच नव्हतं. तिला 1,93,000 डॉलर भरावे लागले.

मग छत्तीस तासांत काय बांधावं? मी परीक्षक असेन तर कलमं सांगणाऱ्या दहा चॅटबॉटपेक्षा एक पात्रता तपासणारं पान वर ठेवीन: चार प्रश्न, आणि "तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो, तुमच्या तालुक्याची समिती इथे आहे, येताना ही कागदपत्रं आणा". चंदगडहून कोल्हापूरला यायचं म्हणजे पोराचा दिवस मोडतो. एक कागद राहिला म्हणून परत जावं लागलं तर तो पुन्हा येत नाही. जन्मतारीख घालून उरलेली मुदत दाखवणारं साधं गणकयंत्र बांधा. जन्मतारीख फोनमध्येच राहू दे. अर्ज दिल्यावर वकील नेमला का, पुढची तारीख कधी, हे कळवणारा संदेश पाठवायची सोय करा; पण ती प्राधिकरणाला बरोबर घेऊनच, कारण तो तपशील त्यांच्याकडेच असतो. टीममध्ये विधी महाविद्यालयातलं एक जण पहिल्या तासापासून घ्या. सादरीकरणाच्या आदल्या रात्री कलमं तपासून द्या म्हणून मला फोन येतात, तोवर चुकीची गोष्ट बांधून झालेली असते.

आणि "एआय वकील", "न्यायदूत" असली नावं काढून टाका. "कायदा माहिती, कोल्हापूर" एवढं पुरे. पहिल्याच स्क्रीनवर, स्क्रोल न करता दिसतील असे दोन नंबर मोठ्या अक्षरात द्या आणि दाबलं की थेट फोन लागेल असं करा: विधी सेवेसाठी 15100, अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098.