लहान इंजिनातील पिस्टनची निवड व कॉम्प्रेशन (कोकण किनारा)

इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवल्यावर, हेड (सिलिंडरवरचे झाकण) घासल्यावर किंवा वेगळ्या मॉडेलचा पिस्टन घातल्यावर सिलिंडरमधले कॉम्प्रेशन बदलते. ते मोजून आवाक्यात ठेवणे हा पिस्टन निवडण्याचाच भाग आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत हे काम मुख्यतः 100 ते 200 सीसीच्या मोटारसायकलींवर, आगरातल्या पाण्याच्या पंपांवर, पॉवर टिलरवर आणि ग्रासकटरवर चालते. ताकदीच्या हौसेने पिस्टन बदलणारे इथेही आहेत, पण बहुतेक वेळा सुरुवात खराब झालेल्या बोअरपासून होते.

बोअर खराब होण्याची कोकणातली कारणे ठरलेली आहेत. पावसाळाभर पडून राहिलेल्या इंजिनात दमट खारी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून आत शिरते आणि बिडाच्या लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावर), पिस्टनच्या रिंगा टेकलेल्या जागी, गंजाची कड धरते. चिरेखाणीच्या रस्त्यावरची जांभ्याची लाल धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली, की रिंगा आणि लायनर दोन्ही झिजतात; पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या भागावर) उभ्या बारीक रेघा दिसतात. तिसरे कारण पूर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात भरले, तेव्हा असंख्य दुचाकी बुडाल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक किंवा सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण पाणी दाबले जात नाही. वाकलेल्या रॉडमुळे पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि नवा पिस्टन घालूनही कॉम्प्रेशन कमीच राहते. म्हणून बुडालेल्या इंजिनाचा रॉड आधी तपासावा, ब्लॉक लेथवर नंतर न्यावा.

रिबोअरसाठी, म्हणजे बोअर कापून मोठा करताना, पिस्टन साधारणपणे 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मि.मी. ओव्हरसाइजमध्ये (मूळ मापाहून तेवढे मोठे) मिळतात. गंज किंवा रेघ निघेल इतकाच लहान साइज घ्यावा, म्हणजे पुढच्या कामाला लायनरमध्ये धातू उरतो. ओव्हरसाइजने कॉम्प्रेशनही चढते, हे मात्र पुष्कळदा हिशेबातून सुटते. 50 मि.मी. बोअर आणि 49.5 मि.मी. स्ट्रोकच्या (पिस्टनच्या खाली-वर चालीच्या) 97.2 सीसी इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाला असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे गुणोत्तर, 9 असेल, तर पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर 12.15 सीसी जागा उरते. 51 मि.मी. पिस्टन घातला की इंजिन सुमारे 101 सीसीचे होते आणि रेशो 9.3 वर जातो. 54 मि.मी. पिस्टनने तो 10.3 होतो. मूळ बोअर ठेवून हेड अर्धा मि.मी. घासले, तरी रेशो 9.7 होतो. प्रत्यक्ष दाब मात्र पुरता त्याच हिशेबाने वाढत नाही, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅम चेनवर फिरणाऱ्या इंजिनात हेड खाली आले की चेन ढिली पडते आणि व्हॉल्व्हचा टायमिंग किंचित मागे जातो.

कॉम्प्रेशन वाढवल्याचा फायदा पायरीगणिक घटत जातो. आदर्श ऑटो चक्राच्या (पेट्रोल इंजिनाच्या कागदावरच्या रूपाच्या) सूत्राप्रमाणे रेशो 8 वर कार्यक्षमता 56.5 टक्के, 10 वर 60.2 आणि 12 वर 63 टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात आकडे बरेच खाली असतात, पण चढ असाच मंदावतो. धोका मात्र मंदावत नाही. हवेने थंड होणाऱ्या, रोज वापरायच्या इंजिनात मूळ रेशोपेक्षा अर्ध्या ते एका अंकाहून वर जाणे शहाणपणाचे नाही.

हा धोका म्हणजे नॉकिंग. ठिणगीनंतर ज्वाला पोचण्याआधीच कडेचे हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते. कोकणात त्याची खरी परीक्षा घाटाच्या पायथ्याशी होते. आंबा, कुंभार्ली किंवा फोंडा घाट चढायला लागताना हवेचा दाब जवळपास पूर्ण असतो, एप्रिल-मे महिन्यात उकाडा असतो, मागे माणूस आणि सामान असते, गाडीचा वेग कमी म्हणून फिनांना (सिलिंडरबाहेरच्या, उष्णता सोडणाऱ्या पात्यांना) वारा कमी आणि थ्रॉटल मात्र पूर्ण उघडा. त्यात फिनांच्या मध्ये चिखल आणि मिठाची खपली बसलेली असेल, तर उष्णता बाहेर जातच नाही. वरच्या गिअरमध्ये ओढताना धातूवर टिचकी मारावी असा टिकटिक आवाज आला, तर लगेच गिअर उतरवावा आणि थ्रॉटल कमी करावा. असे इंजिन उघडले, की पिस्टनच्या डोक्याची कड वाळूचा मारा बसल्यासारखी खरखरीत दिसते आणि पुढे रिंगांमधली भिंत फुटते.

इंधनाची नॉकिंगला दाद न देण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. भारत स्टेज 6 लागू झाले तेव्हाच्या मानकात साध्या पेट्रोलचा आरओएन (रिसर्च ऑक्टेन अंक) किमान 91 आणि प्रीमियमचा 95 होता. इथेनॉलने ही क्षमता वाढते, पण त्याला जळायला हवा कमी लागते. म्हणून जुन्या जेटवर (इंधन सोडणाऱ्या मापाच्या भोकावर) चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये ई20 (20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल) घातले की मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. बोअर वाढवलेल्या इंजिनाचा मेन जेट त्यामुळे पुन्हा जुळवावा लागतो. इथेनॉल पाणीही शोषते. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या पंपाची टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवणे बरे.

रेशो फार चढला तर ब्लॉकखाली जाड पॅकिंग घालायची पद्धत आहे. वरच्या उदाहरणात अर्धा मि.मी. जादा पॅकिंगने 9 चा रेशो 8.4 होतो. उपाय स्वस्त आहे, पण पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली फट रुंदावते आणि मिश्रण ढवळणारा स्क्विशचा झोत मंद होतो. त्यापेक्षा खोलगट डोक्याचा पिस्टन चांगला. फट मोजायला प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार गजन पिनेच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनेच्या) रेषेत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवावी, इंजिन हाताने एक फेरा फिरवावे आणि तारेचे चेपलेले टोक मायक्रोमीटरने मोजावे. 0.8 ते 1 मि.मी. ही लहान फोर-स्ट्रोकला सोसणारी फट आहे.

दुसऱ्या मॉडेलचा पिस्टन घेताना व्यास जुळला म्हणून काम भागत नाही. पिनेचा व्यास, पिनेच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची आणि व्हॉल्व्हसाठीचे खळगे, तिन्ही पाहावे लागतात. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन मजबूत असतो, पण तापल्यावर सहसा कास्टपेक्षा (ओतीव पिस्टनपेक्षा) जास्त फुगतो, म्हणून त्याला बोअरमध्ये जास्त क्लिअरन्स (मोकळी फट) द्यावा लागतो. कास्टच्या मापाने बोअर मारला तर घाटात तो जाम होतो. रोजच्या गाडीला चांगला कास्ट पिस्टन पुरतो.

पेट्रोलवर सुरू होऊन केरोसीनवर चालणाऱ्या पंपांचा रेशो मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण केरोसीन लवकर नॉक होते. अशा पंपात पेट्रोलच्या इंजिनाचा उंच डोक्याचा पिस्टन बसला, तरी तो घालू नये. मोटारसायकलीची सीसी वाढवताना कायदाही पाहावा: मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल रोखते.

काम झाल्यावर प्लगच्या जागी गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजतात. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. वाढला तर दोष रिंगांचा, नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड पॅकिंगचा. कॅमवर डिकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब थोडा सोडणारा भाग) असलेली इंजिने मुळातच कमी आकडा दाखवतात. जागेचाही फरक पडतो: सावंतवाडीत 12 किलो (दर चौ.सें.मी.ला) दाखवणारे तेच इंजिन सुमारे 690 मीटर उंचीच्या आंबोलीत 11 च्या आसपास दाखवते, कारण तिथली हवाच विरळ आहे. एवढ्या फरकासाठी हेड उघडू नये.