संशयग्रस्त विचार

लोक आपल्यावर पाळत ठेवतात, आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे, असे पुरेशा आधाराविना वाटत राहणे म्हणजे संशयग्रस्त विचार. टोकाला गेल्यास त्याचा पक्का भ्रम होतो आणि तो स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आढळतो. सौम्य रूपात तो कुणाच्याही मनात येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये २०० सर्वसामान्य लोकांना संगणकाने उभ्या केलेल्या आभासी भुयारी रेल्वेत फिरवले (२००८). सहप्रवासी कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते, तरी ४० टक्क्यांहून अधिक जणांना त्यांच्याविषयी काही ना काही संशय आला.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. बालपणीचा छळ, शाळेतली दांडगाई, स्वतःविषयीचे हीन मत यांतून जग आपल्यावर टपलेले आहे ही धारणा घट्ट होते. काळजी, जागरण आणि गांजा तिला खतपाणी घालतात. घाईने निष्कर्ष काढण्याची सवयही असते. एका प्रसिद्ध प्रयोगात दोन बरण्यांत दोन रंगांचे मणी वेगवेगळ्या प्रमाणात असतात; एकेक मणी पाहत ते कोणत्या बरणीतले हे ओळखायचे असते. भ्रम असलेले अनेक जण एकदोन मण्यांवरच निकाल देऊन मोकळे होतात.

गोव्यात बार्देशातल्या जुन्या घरात एकट्या राहणाऱ्या आजीचे उदाहरण घ्या. मुलगा तारवटी म्हणजे खलाशी, वर्षातले बरेच महिने बोटीवर, मुलगी लंडनला. कानांनी कमी ऐकू येते. समोरच्या घराच्या सोप्यावर दोन शेजारणी बोलत बसतात. ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. मध्येच एक हसते. त्याच दिवशी नारळ पाडणारा पाडेली माडावरून उतरतो आणि नारळ भरतात सत्तर. मागच्या पाडणीला नव्वद होते. दुपारच्या जेवणापर्यंत आजीच्या मनात हसण्याची आणि नारळांची सांगड बसलेली असते.

कमी ऐकू येण्याचा आणि संशयाचा संबंध तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी १९८१ साली निरोगी विद्यार्थ्यांना संमोहित करून, कारण आठवणार नाही अशा रीतीने कमी ऐकू येईल असे केले. ते संशयी झाले. (संमोहन म्हटले की गोव्यात कांदोळीचे पाद्री व संमोहनतज्ज्ञ आबे फारिया आठवणारच. संमोहन करणाऱ्याकडे कसली शक्ती नसते, घडते ते संमोहित होणाऱ्याच्या मनात, असे ते सांगत. मूठ मारल्याच्या धास्तीलाही हे लागू पडावे.)

सामाजिक कारणांत एकाकीपणा, भेदभाव, हतबलता आणि स्थलांतर येतात. पण सारा संशय भ्रामक नसतो. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशन म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय चालले. चुगली कुणी केली हे आरोपीला सांगत नसत. तेव्हा शेजाऱ्यासमोर तोंड आवरणाऱ्याला सावधच म्हणायला हवे. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांच्या वादात कागदपत्रांवर नजर ठेवणाराही सावधच. करणी किंवा दिष्ट यांवर सगळा वाडाच विश्वास ठेवत असेल, तर तेवढ्यावरून एखाद्याला भ्रम झाला असे मानसोपचारतज्ज्ञ ठरवत नाहीत. उलटा पुरावा समोर आला तरी माणूस तसूभर हलत नाही का, हे ते पाहतात.

घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, आधी जाणारे पुष्कळ. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत पोचेपर्यंत कधी वर्षे उलटतात. संशय वाद घालून जात नाही, बहुधा वाढतो. झोप सुधारणे, काळजी कमी करणे, संशयामागचा पुरावा रुग्णासोबत बसून तपासणे यांचा उपयोग होतो. भ्रम पक्का असल्यास औषधे लागतात. आजीच्या बाबतीत मात्र पहिली तपासणी कानांची.