मौखिक भाषाकृती (बालवर्गातील परभाषा-शिक्षण)

घरी न बोलली जाणारी भाषा लहान मुलांच्या कानावर आणि जिभेवर रुळावी म्हणून वर्गात घेतलेले खेळ, कृतिगीते, हुकूम, गोष्टी आणि गप्पा यांना मौखिक भाषाकृती म्हणतात. पाटी-पेन्सिल यात नसते, आली तरी फार उशिरा. बालवाडीपासून दुसरीपर्यंत, म्हणजे साधारण ३ ते ८ वर्षे, हे या कृतींचे खरे वय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये याच टप्प्याला पायाभूत स्तर म्हटले आहे.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे परभाषा म्हटले की इथे इंग्रजीच डोळ्यांपुढे येते. नागपुरात थोडे वेगळे आहे. १९५६ पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही मुलखांच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. आजही गल्लीतला खेळ हिंदीत आणि घरचे बोलणे नागपुरी मराठीत, अशी कितीतरी मुले पहिलीत येतात. गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला तर शाळेची मराठीही नव्याने शिकावी लागते. दोन भाषांत सहज ये-जा करणारे मूल ‘कोरे’ नसते, हे शिक्षकाने पहिल्या दिवसापासून धरून चालावे.

या कृतींतला सर्वांत भरवशाचा प्रकार हुकमांचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात त्याची पद्धतशीर मांडणी केली. शिक्षक आज्ञा देतो आणि स्वतः ती करून दाखवतो. मुले अंगाने उत्तर देतात, तोंडाने नाही. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ आपल्याकडे आहेच. ‘शिवाजी म्हणतो’ ऐकू आले तरच हुकूम पाळायचा, नाहीतर बाद. त्यातले हुकूम तेवढे इंग्रजीत द्यायचे: ‘शिवाजी म्हणतो, टच युअर नोज.’

नागपुरात यासाठी संत्र्यासारखे साधन नाही. दिवाळीनंतर बाजार संत्र्यांनी भरतो तेव्हा एक संत्रे वर्गात न्यावे. ‘स्मेल इट’ म्हणत ते हातोहात फिरवावे. ‘पील इट’ म्हटल्यावर साल निघते, सालीचा फवारा उडतो, पहिल्या रांगेतली मुले डोळे मिटतात. मग फोडी मोजायच्या: वन, टू, थ्री. दहा झाल्या की अकरा हा आकडा शिकवावा लागत नाही, मुलेच विचारतात. शेवटी ‘गिव्ह वन टू...’ आणि शेजाऱ्याचे नाव. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, असे सांगायची गरजच उरत नाही. प्रत्येक शब्दामागे लगेच मराठी अर्थ सांगण्याची सवय इथेच मोडते आणि ती मोडायलाच हवी, कारण अर्थ मिळणार हे ठाऊक असले की मूल मूळ शब्द ऐकत नाही.

उच्चारासाठी आरसा आणि टाळी पुरते. आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन आवाजांचे काम करतो, म्हणून बनियन आणि पश्चिम दिशा, दोन्ही आपल्या तोंडी ‘वेस्ट’च होतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आरशात हे मुलांना लगेच दिसते. ‘बनाना’ आपण तिन्ही अक्षरे सारखी म्हणतो, इंग्रजीत मात्र मधल्यावर जोर असतो. तिथेच टाळी वाजवली की झाले.

व्याकरणाच्या बाबतीत नागपुरी बोली मोठी मदत करते. प्रमाण मराठीतले ‘मी जातो’ रोजचे जाणेही सांगते आणि आत्ताचेही. नागपूरचे मूल आत्ताच्या जाण्यासाठी सहज ‘मी जाऊन राहिलो’ म्हणते. इंग्रजीचे ‘आय अ‍ॅम गोइंग’ नेमके तेच सांगते. एका मुलाने पुढे येऊन दात घासण्याची नक्कल करावी, शिक्षकाने विचारावे, ‘हा काय करून राहिला?’ आणि लगेच, ‘व्हॉट इज ही डूइंग?’ अशुद्ध म्हणून हा प्रयोग खोडला, तर मुलाच्या हातातला सर्वांत चांगला आधार आपणच काढून घेतो.

सगळ्या वर्गाने एकसुरात म्हणणे भीड मोडायला चांगले, पण त्यात कोण नुसते ओठ हलवतो ते कळत नाही. म्हणून दोघा-दोघांचे बोलणे रोज थोडे तरी हवे.

काही मुले आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने, नव्या भाषेत बोलतच नाहीत. भाषाशिक्षणात याला मौनकाळ म्हणतात. मूल त्या काळात ऐकत असते, हुकूम बरोबर पाळत असते. त्याला उभे करून ‘बोल’ म्हणू नये. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो, तोवर वर्गाला जेमतेम दोन-अडीच महिने झालेले असतात. मुलांनी आपापले सजवलेले लाकडी बैल वर्गात आणले की शिक्षकाने नुसते जवळ बसून बैलाकडे पाहावे. तोवर गप्प असलेले मूल एखादे वेळी हळूच म्हणते, ‘माय बुल. रेड हॉर्न.’ त्यातली चूक दाखवायची नसते. ‘येस, ही हॅज रेड हॉर्न्स,’ एवढे म्हणून बैलाच्या शिंगाला हात लावायचा आणि पुढच्या बैलाकडे वळायचे.