श्वासाने संपणारी सिम्फनी

कीव्हचे संगीतकार व्हॅलेंतिन सिल्वेस्त्रोव यांची सातवी सिम्फनी (म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) शेवटाकडे येते तसे सूर एकेक करून विरत जातात आणि वाद्यांतून नुसती हवा ऐकू येऊ लागते. वादक फुंकत असतात, पण स्वर उमटत नाही.

पितळी वाद्यात स्वर जन्मतो तो ओठांच्या थरथरीतून. ओठ थरथरले की नळीतली हवा ठरावीक गतीने मागेपुढे हलू लागते आणि त्या नियमित हालचालीला कान स्वर म्हणून ओळखतो. ओठ सैल सोडून फुंकलं तर नळीत फक्त भोवरे उठतात. त्यांत उंच-खालच्या असंख्य कंपनांची सरमिसळ असते, त्यामुळे कानाला धरायला एकही स्वर सापडत नाही.

३१ जुलै २०२२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘युक्रेनियन फ्रीडम ऑर्केस्ट्रा’ने ही सिम्फनी वाजवली. युद्धाला पाच महिने झाले होते. संचालिका केरी-लिन विल्सन यांनी युक्रेनमधले, निर्वासित झालेले आणि युरोपातल्या इतर ऑर्केस्ट्रांत वाजवणारे युक्रेनियन वादक एकत्र आणले होते. लष्करात जाण्याच्या वयातल्या पुरुषांना देशाबाहेर पडायला सरकारची खास परवानगी घ्यावी लागली. कार्यक्रमात शोपँचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, होता, बेथोव्हेन होता आणि शेवटी ब्राम्सची १८८५ सालची चौथी सिम्फनी.

ब्राम्सने यात ट्रॉम्बोन या सरकत्या नळीच्या पितळी वाद्याच्या तीन वादकांना पहिले तीन भाग गप्प बसवलं आहे. चौथा भाग सुरू होताच ते वाजू लागतात, आणि या उशिरामागे मला विलक्षण समज दिसते. वादक दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे नुसती गर्दी वाढवून फारसं साधत नाही. ट्रॉम्बोन मात्र जोरात वाजवला की त्याचा रंगच पालटतो. नळीत लहरीचा जास्त दाबाचा भाग कमी दाबाच्या भागापेक्षा वेगाने पळतो, तिची पुढची बाजू उभी होत जाते आणि मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच उपस्वरांचा भडिमार होतो. फार जोरात फुंकलेल्या ट्रॉम्बोनमध्ये चक्क आघात लहरी, म्हणजे दाब एकदम उसळवणाऱ्या लहरी, तयार होतात, हे १९९६ मध्ये प्रयोगातून दाखवलं गेलं. म्हणून अगदी मागच्या रांगेत, जिथे आवाज क्षीण होऊन पोहोचतो, तिथेही कान त्या झळाळीवरून ओळखतो की वादक सगळा जीव ओतून वाजवतो आहे.

सिल्वेस्त्रोव कानाच्या दुसऱ्या टोकाला काम करतात. माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या तीव्रतेत सुमारे एक लाख कोटी पटींचा फरक असतो. या पल्ल्याच्या तळाशी खर्ज सगळ्यात आधी हरवतो, कारण मंद आवाजात कान खालच्या स्वरांना फारच कमी दाद देतो. उरतो तो श्वास. आणि पाच हजार माणसांच्या सभागृहात श्रोत्यांचाही श्वास चालू असतो, कपड्यांची सळसळ असते. हाही तसाच, स्वर नसलेला आवाज. त्यामुळे वादकांचा श्वास कुठे थांबला हे नेमकं सांगणं अवघड होतं. सिम्फनीची शेवटची सीमा श्रोत्यांच्या शरीरात पुसली जाते. मला हे आजच्या संगीतातलं फार धाडसी काम वाटतं.

अशा संगीताला हे सभागृह सोपं नाही. १८७१ मध्ये ते उघडलं तेव्हापासून त्याच्या घुमटाखालचा प्रतिध्वनी बदनाम होता. आतून वाटीसारखा खोलगट घुमट आवाज गोळा करून उशिराने खाली फेकायचा. १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या गेल्या, तेव्हा तो आटोक्यात आला.

क्रमही महत्त्वाचा. सिल्वेस्त्रोव आधी, ब्राम्स शेवटी. मोठा आवाज बराच वेळ ऐकल्यावर कान काही काळ मंदावतो आणि अगदी हलके आवाज त्याच्या हाती लागत नाहीत. ब्राम्सनंतर तो श्वास ऐकायला लावणं संगीतकारावर अन्याय ठरला असता. उलट क्रमाने मात्र दोघांचाही फायदा झाला: हलक्यातलं हलकं टिपायला सरावलेल्या कानांवर ट्रॉम्बोन आले.